थँक्सगिव्हिंगची टर्की : या चुका टाळा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण, जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो : "यंदा टर्की घरीच करायची म्हणतोय. चिकनसारखीच असते ना?" नसते. चिकन आपण तुकडे करून, कातडी काढून, तासाभरात शिजवतो. टर्की असते सहा-सात किलोची, अख्खी, कातडीसकट. आणि बिघडायची ती बहुतेक वेळा आदल्या शनिवार-रविवारीच बिघडलेली असते. गुरुवारी ते फक्त कळतं.

भलीमोठी टर्की आणणं

हिशोब हाडांसकट माणशी एक ते दीड पौंड. आपल्या पार्टीत मात्र निम्मे शाकाहारी, आणि उरलेले दोन काप चाखून बिर्याणीकडे वळणारे. दहा खाणाऱ्यांना 12 पौंडांची टर्की भरपूर होते. 20-22 पौंडांचं धूड ओव्हनमध्ये आतून शिजेपर्यंत बाहेरून सुकतं. माणसं जास्त असतील तर दोन लहान घ्या.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच फ्रोझन टर्कींना आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या) टर्कीलाही मीठ लागलेलं असतं. तिला वरून आणखी मिठात मुरवलंत तर ग्रेव्हीसकट सगळं खारट. "हार्मोन्स नाहीत" म्हणून जादा पैसे मोजू नका, अमेरिकेत कोंबडी-टर्कीला हार्मोन्स द्यायला मुळातच परवानगी नाही.

उशिरा बाहेर काढणं

फ्रीजमध्ये 4-5 पौंडांचा बर्फ सुटायला एक दिवस लागतो. म्हणजे 14-15 पौंडांची टर्की फ्रीझरमधून फ्रीजमध्ये यायला हवी शनिवारी रात्री, तेव्हा कुठे बुधवारी सकाळी मीठ चोळता येईल. ओट्यावर रात्रभर ठेवायची नाही. 40 ते 140 अंश फॅरनहाइटच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. आतला बर्फ तसाच आणि बाहेरचं मांस कोमट, हे सगळ्यात वाईट. "बाहेर थंडीच आहे" म्हणून गॅरेजमध्येही नको, न्यू जर्सीतलं गॅरेज नोव्हेंबरच्या दुपारी सहज 50 अंशांवर जातं.

धुणं

हे आपल्या लोकांना पटवणं महाकठीण. तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय मटण-चिकनला हात लावायचा नाही, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पण टर्की नळाखाली धरली की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीपर्यंत उडतात आणि साल्मोनेलासारखे जंतू सिंकभर पसरतात. ते धुण्याने मरत नाहीत, शिजवण्याने मरतात. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून टिपून कोरडी करा. कातडी कुरकुरीत व्हायलाही कोरडीच हवी.

याच वेळी पोटात हात घाला. आत मान असते, आणि कलेजी वगैरेची एक पिशवी. ती कधीकधी मानेकडच्या बाजूला असते, म्हणून दोन्हीकडून तपासा.

दह्यात दोन रात्री मुरवणं

तंदुरी टर्कीची कल्पना ऐकायला झकास. पण छातीचं मांस दोन-तीन इंच जाड. मसाला आत उतरत नाही, दही वरचा थर पिठूळ करतं, आणि ओव्हनच्या तीन तासांत बाहेरचं लसूण-तिखट जळून कडू होतं. आतपर्यंत जातं ते मीठ. साध्या, मीठ न टोचलेल्या टर्कीला 5 पौंडांमागे एक टेबलस्पून जाड कोशर मीठ चोळा (आपलं रोजचं बारीक मीठ असेल तर निम्मं) आणि फ्रीजमध्ये एक रात्र उघडीच ठेवा. गुरुवारी छातीवरची कातडी बोटांनी हलकेच सुटी करून तिच्याखाली मऊ लोणी, आलं-लसूण, मिरपूड, धणेपूड सारवा. वरून फक्त तेल.

घड्याळावर किंवा रंगावर विसंबणं

325 अंशांवर 12-14 पौंडांच्या टर्कीला साधारण तीन ते पावणेचार तास लागतात, पण हा अंदाजच. शिजलेल्या टर्कीतही हाडाजवळ गुलाबी छटा राहू शकते, त्यामुळे रंग बघून काही कळत नाही. साधा मीट थर्मामीटर आणा. छातीच्या आणि मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, दोन्हीकडे 165 अंश दिसले पाहिजेत. मांडीला 175 चाललं, उलट ती तेव्हाच मऊ लागते. छाती मात्र 165 च्या पुढे गेली की कापसासारखी. म्हणून शेवटच्या तासात सारखं मोजत राहा. पोटात स्टफिंग (पाव-भाज्यांचं सारण) भरलं तर तेही 165 ला पोहोचवावं लागतं, तोवर छाती वाळते. स्टफिंग वेगळ्या भांड्यातच करा. त्यात चिकन स्टॉक न घालता केलंत तर शाकाहारी मंडळींनाही चालेल.

गुरुवारी अडकलात तर

सकाळी अजून दगड असेल तर पाकिटासकट थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पौंडाला अर्धा तास धरा. 12 पौंडांना सहा तास. तेवढा वेळ नसेल तर तशीच ओव्हनमध्ये घाला. पूर्ण गोठलेलीला दीडपट वेळ लागतो, पण ती खायला सुरक्षित असते. आतली पिशवी तासा-दोन तासांनी चिमट्याने ओढून काढा. गोठलेली टर्की उकळत्या तेलात सोडणं मात्र कदापि नाही : बर्फाची वाफ होऊन तेल उसळतं आणि आग लागते.

कातडी लवकर काळपट झाली? छातीवर फॉइल टाका. छाती झाली आणि मांड्या कच्च्या? मांड्या कापून ट्रेमध्ये परत आत ढकला, पाहुण्यांना कळणारही नाही. छाती कोरडी पडलीच तर पातळ काप करून त्यावर गरम स्टॉक ओता.

ओव्हनमधून काढल्याबरोबर सुरी चालवू नका. अर्धा तास थांबा, नाहीतर सगळा रस पाटावर.

जेवण झाल्यावर गप्पांच्या नादात टर्की टेबलावर राहते. दोन तासांच्या आत मांस सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये टाका. तीन-चार दिवसांत संपवा. सांगाडा टाकून देणं ही शेवटची चूक. कांदा, आलं, मिरी, तमालपत्र घालून तो दोन-तीन तास उकळला की कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याला उत्तम स्टॉक मिळतो. मीठ शेवटी चाखूनच घाला, सांगाड्यात ते आधीच असतं.