फोटो लहान केला तरी पैठणीची जर पुसट होऊ नये म्हणून

मामींचा पैठणला हातमाग आहे. पदरावरच्या मोरांचे फोटो मी काढतो, ४००० बाय ३००० पिक्सेलचे. ते १२०० रुंदीचे करून गिऱ्हाइकांना पाठवले की जर गढूळ दिसायची. "अरे, डोळ्यांत तेल घालून विणलंय, अन् फोटोत हे असं?" मामींचं ते बोलणं मनाला फार लागलं.

मी लहान केलेलाच फोटो पुन्हा लहान करून सेव्ह करत होतो. जेपीईजी हा फोटोफाइलचा प्रकार दर सेव्हला थोडा तपशील खातो. शिवाय लहान करताना अनेक पिक्सेलांची सरासरी एकात उतरते, म्हणून धाग्याची कड मऊ पडते.

आता मूळ फाइलवरूनच, एकदाच. गिंप या फोटो-एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये स्केल इमेज, इंटरपोलेशन (नवे पिक्सेल काढायची पद्धत) क्युबिक. शार्पन त्यानंतर, आधी अजिबात नाही: अनशार्प मास्क हा कडा ठळक करणारा फिल्टर, रेडियस (कडेची रुंदी) ०.६, अमाउंट (जोर) ०.५. मग १०० टक्के झूमवर मोराचा डोळा बघायचा. कडेला पांढरी रेघ उमटली की जास्त झालं, अमाउंट उतरवायचं. जेपीईजी क्वालिटी ९०. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे तिथं तो पुन्हा दाबला जात नाही.

काल मामींनी मोबाइल डोळ्यांशी धरला आणि पिसाऱ्यातली एकेक तार बोटानं मोजली.