रोजच्या चेंबरचं कॅलिब्रेशन: गुणोत्तर बरोबर आलं तरी थांबू नका

रेडिओथेरपी विभागात सहसा दोन फार्मर चेंबर (किरणांचा डोस मोजणारे, आत हवा असलेले छोटे मापक) असतात. एक प्रमाणित प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट होऊन आलेला. तो डब्यात जपून ठेवायचा आणि मोजक्या वेळीच बाहेर काढायचा. दुसरा रोजच्या कामाचा. लिनॅकचं, म्हणजे किरण देणाऱ्या यंत्राचं, आउटपुट (ते किती डोस देतं) बघायला, प्लॅनची पडताळणी करायला हाच हाताशी असतो. या दुसऱ्याला पहिल्यावरून फॅक्टर (रीडिंगवरून डोस काढायचा गुणक) द्यायचा, म्हणजे क्रॉस-कॅलिब्रेशन. आम्ही हे वर्षातून एकदा करतो. शिवाय चेंबर दुरुस्त होऊन आला, केबल बदलली किंवा तो कोणाच्या हातून पडला, तरी करतो. इथे मिळालेला आकडा पुढे वर्षभर प्रत्येक रुग्णाच्या डोसमध्ये गुणला जातो. म्हणून मी या कामाला अख्खी संध्याकाळ राखून ठेवते आणि मध्ये दुसरं काही घेत नाही.

मोजणी पाण्यात करायची असते. त्याची टाकी आदल्या रात्रीच भरून बंकरमध्ये, म्हणजे लिनॅकच्या खोलीत, ठेवा. नळाचं पाणी खोलीच्या तापमानाला यायला तास न् तास लागतात. आल्यावरही बाष्पीभवनामुळे ते खोलीपेक्षा थोडं गारच राहतं. म्हणून थर्मामीटर भिंतीवरचा नको, पाण्यात बुडवलेला हवा, आणि चेंबर जितका खोल तितकाच खोल. १ अंशाची चूक म्हणजे डोसमध्ये साधारण ०.३४ टक्के. इलेक्ट्रोमीटर (चेंबरमधला विद्युतभार मोजणारं उपकरण) अर्धा तास आधी चालू करा. चेंबर पाण्यात सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटं त्याला तसाच राहू द्या, कारण आतल्या हवेलाही पाण्याचं तापमान गाठायचं असतं.

मांडणी नेहमीची: गॅन्ट्री (लिनॅकचा फिरणारा हात) शून्यावर, ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) सपाट बीम (फिल्टरने सगळीकडे सारखा केलेला), पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत १०० सेंमी, फील्ड १० बाय १० सेंमी, चेंबरचा मध्य १० सेंमी खोल. पृष्ठभाग ठरवताना डोळा पाण्याच्या रेषेखाली न्या आणि टाकीच्या काचेतून वर बघा. चेंबरचा बुडालेला अर्धा भाग आणि पाण्याच्या पृष्ठभागातलं त्याचं प्रतिबिंब मिळून एक पूर्ण वर्तुळ दिसलं की तो शून्य. वरून बघून ठरवलेला शून्य एखाद्या मिलिमीटरने चुकतोच, आणि या खोलीवर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का. चेंबरच्या दांड्यावरची खूण बीमकडे असू द्या. स्लीव्हवर (चेंबरच्या आवरणावर) चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून काढा. टॉर्चच्या उजेडात ते मोत्यासारखे चमकतात.

आता व्होल्टेज. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर जितकं आणि ज्या चिन्हाचं लिहिलंय, तेच लावा. त्यानंतर २ ते ५ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) नुसतेच द्या आणि त्यांची नोंद करू नका. हे रेडिएशन चेंबरला स्थिर करण्यासाठी असतं. व्होल्टेज बदललं की दर वेळी हे पुन्हा करावं लागतं. पहिली दोन-तीन रीडिंग चढती किंवा उतरती दिसली, तर चेंबर अजून स्थिर झालेला नाही. बीम बंद ठेवून लीकेजही, म्हणजे किरणांशिवाय झिरपणारा प्रवाह, बघून घ्या. ते मोजणीच्या ०.१ टक्क्यापेक्षा कमी हवं. जास्त असलं तर आधी कनेक्टर तपासा. बहुतेक वेळा तिथे ओल किंवा धूळ असते.

मग १०० एमयूची (मॉनिटर युनिट, लिनॅकवर डोस मोजून द्यायचं एकक) पाच रीडिंग संदर्भ चेंबरची, पाच रोजच्या चेंबरची, पुन्हा पाच संदर्भची, पुन्हा पाच रोजची. असं आलटून-पालटून घ्यायचं कारण म्हणजे लिनॅकचं आउटपुट तासाभरात थोडं सरकू शकतं. संदर्भ चेंबरच्या दोन फेऱ्यांत ०.२ टक्क्यापेक्षा जास्त फरक पडला, तर मी सगळं पुन्हा घेते. प्रत्येक फेरीला तापमान आणि दाब नव्याने लिहा.

पोलॅरिटी (व्होल्टेजच्या चिन्हाने पडणारा फरक) आणि रीकॉम्बिनेशन (मोजले जाण्याआधीच पुन्हा जुळून गेलेले आयन) या सुधारणा दोन्ही चेंबरसाठी वेगवेगळ्या काढा. पोलॅरिटीसाठी व्होल्टेजचं चिन्ह उलटं करून दोन्ही रीडिंगची सरासरी घ्या आणि तिला नेहमीच्या चिन्हाच्या रीडिंगने भागा. रीकॉम्बिनेशनसाठी ३०० आणि १०० व्होल्टवर मोजा. दोन रीडिंगचं गुणोत्तर १.०१२ आलं, तर वरचे ०.०१२ भागिले २, म्हणजे सुधारणा १.००६. सपाट बीममध्ये हा आकडा एवढाच असतो. एफएफएफ बीममध्ये, म्हणजे सपाट करणारा फिल्टर नसताना, तो वाढतो, म्हणून क्रॉस-कॅलिब्रेशन मी सपाट बीममध्येच करते.

हिशेब छोटा आहे. सगळ्या सुधारणा करून संदर्भ चेंबरचं रीडिंग १२.४१ नॅनोकुलोंब, रोजच्याचं १२.१८, आणि संदर्भचा फॅक्टर ०.०५३८ ग्रे प्रति नॅनोकुलोंब असेल, तर रोजच्याचा ०.०५४८. दोन चेंबर एकाच मॉडेलचे असतील, तर एवढंच. मॉडेल वेगळं असेल, तर दोघांचे बीम क्वालिटी फॅक्टर (किरणांच्या ऊर्जेनुसार करायची सुधारणा) वेगळे असतात. तेव्हा संदर्भचा वर आणि रोजच्याचा खाली घेऊन गुणा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. मी नवीन असताना, पठारावरच्या एका रुग्णालयात, बॅरोमीटर दुरुस्तीला गेला होता. आम्ही हवामानाच्या बातमीतला दाब वापरला, १०१.२ किलोपास्कल. क्रॉस-कॅलिब्रेशन झालं. नवा फॅक्टर मागच्या वर्षाच्या फॅक्टरशी दशांश दशांश जुळला आणि आम्ही खूश होतो. त्याच दाबावर, त्याच चेंबरने आउटपुट मोजलं तर लिनॅक ६ टक्के कमी देतोय असं दिसलं. आउटपुट वर चढवायची तयारी सुरू झाली होती.

लिनॅक ठीक होता. बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. आमच्या खोलीतला खरा दाब होता ९५.२. पाण्याचं तापमान २३.४ अंश. २० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल या संदर्भावर तापमान-दाबाची सुधारणा यायला हवी होती १.०७७, आम्ही लावली १.०१३. आम्ही आउटपुट चढवलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला ६ टक्के जास्त डोस गेला असता. रेडिओथेरपीत ६ टक्के म्हणजे गुदाशयाला किंवा मज्जारज्जूला होऊ शकणारी खरी इजा. शेजारच्या विभागातून बॅरोमीटर मागवून आणला तेव्हा कुठे हे कळलं.

मग क्रॉस-कॅलिब्रेशनमध्ये चूक का दिसली नाही? कारण दोन्ही चेंबर त्याच हवेत, त्याच पाण्यात असतात. दाब चुकला तर दोघांनाही सारखाच चुकतो आणि भागाकारात निघून जातो. पाण्यातली खोली दोघांसाठी एकाच अंतराने चुकली, तरी तेच. गुणोत्तर निर्दोष येतं आणि चूक पुढच्या कामाची वाट बघत बसते. म्हणून गुणोत्तर काढून झालं की मी तिथेच, टाकी न हलवता, संदर्भ चेंबरच्या रीडिंगवरून १०० एमयूचा डोस ग्रेमध्ये काढते आणि गेल्या महिन्याच्या आउटपुटशी ताडून बघते. १ टक्क्यापेक्षा जास्त फरक असला, तर लिनॅकला हात लावायच्या आधी बॅरोमीटर, थर्मामीटर आणि पाण्याची पातळी या क्रमाने तपासते. बॅरोमीटर दुसऱ्या बॅरोमीटरशी ताडायचा. फोनवरच्या आकड्याशी नाही.

नवा फॅक्टर जुन्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त हलला, तर कारण सापडेपर्यंत तो चेंबर वापरात आणू नका. सापडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पूर्ण मोजणी पुन्हा करून घ्या.

शेवटी रोजचा चेंबर स्ट्रॉन्शियम-९० च्या चेक सोर्समध्ये (चेंबर तपासायच्या किरणोत्सारी स्रोतात) ठेवून एक रीडिंग घ्या आणि नव्या फॅक्टरच्या शेजारी तारखेसह लिहा. पुढच्या महिन्यात तेच रीडिंग घेताना सोर्सचा ऱ्हास धरायचा: वर्षाला सुमारे २.४ टक्के, म्हणजे महिन्याला ०.२. त्यापलीकडे काही हललं, तर चेंबरला काहीतरी झालंय हे वर्षभर थांबायच्या आधी कळतं. फॅक्टर संगणकात भरताना जुना पुसू नका. चेंबरच्या डब्यावर नवी चिठ्ठी लावा, आणि संगणकातला, चिठ्ठीवरचा आणि वहीतला आकडा दुसऱ्या फिजिसिस्टकडून मोठ्याने वाचून घ्या.