मोठ्या सेन्सरचा फोन घेतलात? मग या चुका टाळा

कॅमेऱ्यात मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असलेला फोन घेतलेली माणसं पहिल्याच आठवड्यात एक तक्रार घेऊन येतात. "जुन्या फोनवर कागदाचा फोटो स्वच्छ यायचा, यावर कडा पुसट येतात. पीस खराब लागला का?" पीस चांगला असतो. तुम्ही फार जवळ गेलेले असता.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. मावशीची कवितांची वही होती, शंभरावर पानं, कागद जीर्ण. एका दुपारी खिडकीशी बसून, फोन वीतभर अंतरावर धरून मी भराभर सगळी पानं टिपली. स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. रात्री लॅपटॉपवर उघडलं, तर पानाच्या मध्यावरची वेलांटी न् वेलांटी टोकदार, पण समासाकडे जावं तसतशी अक्षरांना दुहेरी कडा. समासात मावशीने पेन्सिलीने केलेल्या बारीक दुरुस्त्यांच्या जागी नुसता राखाडी धूर. वही तोवर परत गेली होती. ती पुन्हा मागून आणली आणि दुसऱ्यांदा उलगडताना दोन पानं शिवणीतून सुटली. त्याची हळहळ अजून जात नाही.

असं का होतं? १ इंची म्हणवणारा सेन्सर साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. (त्याचा कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर; 'एक इंच' हे नाव टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांच्या मापावरून आलं आहे.) सेन्सर मोठा, की तेवढंच दृश्य मावायला लेन्सची फोकल लेंग्थ (दृश्य किती रुंद किंवा जवळचं दिसेल ते ठरवणारं माप) जास्त लागते, आणि जवळून टिपताना फोकस पातळ थरापुरताच राहतो. फोन जरा कलला तरी पानाची एक बाजू त्या थराबाहेर जाते. त्यात या लेन्स जवळच्या अंतरावर कडांना मुळातच मऊ पडतात. शाओमी १३ अल्ट्रासारख्या मोजक्या फोनांत अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/१.९ वरून एफ/४ वर नेऊन लहान करता येतं, की फोकसचा थर जाड होतो. बहुतेक फोनांत ते कायम उघडंच.

माझी सवय सांगतो. फोन हातभर मागे, झूम २एक्सवर, पानाला समांतर. ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला तुकडाच वापरला जात असल्याने १२ मेगापिक्सेल तरी मिळतात आणि मऊ कडा आपोआप बाहेर राहतात. पहिलं पान टिपलं की थांबायचं आणि चारही कोपरे मोठे करून बघायचे. एवढा धीर नसेल, तर दुसऱ्याची जुनी कागदपत्रं हातात घेऊच नयेत.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे ऑटो मॅक्रो. फुलाजवळ फोन नेला की दृश्य किंचित उडी मारतं, पाहिलंय? त्या क्षणी फोनने मुख्य कॅमेरा सोडून अल्ट्रावाइड, म्हणजे रुंद दृश्याचा दुसरा कॅमेरा, लावलेला असतो, लहान सेन्सरचा. ज्यासाठी पैसे मोजले तो सेन्सर नुसता बसून! मी हा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करतो. शंका आली तर फोटोच्या तपशिलात फोकल लेंग्थ (३५ मिमी फिल्मच्या हिशेबातली) बघा. मुख्य कॅमेऱ्याची २३-२४ मिलिमीटरच्या आसपास दिसते, अल्ट्रावाइडची त्याहून बरीच कमी.

संध्याकाळी, घरात, मंद दिव्यात ५० मेगापिक्सेल मोड लावू नका. सोनीच्या आयएमएक्स९८९ या १ इंची सेन्सरमध्ये एक पिक्सेल १.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चार एकत्र आले की ३.२ मायक्रॉनचं काम करतात आणि फोटो १२.५ मेगापिक्सेलचा होतो. मोठा पिक्सेल जास्त प्रकाश टिपतो, म्हणून अंधारात तोच हवा. आकडा मोठा म्हणून फोटो चांगला, ही समजूत मला मनापासून खटकते. उन्हातल्या दूरच्या दृश्याला ५० खुशाल वापरा.

माणसांच्या दोन रांगा असतील तर तीन पावलं मागे जा, नाहीतर मागचे चेहरे हलके पुसट येतील.

लेन्सवर वरून चिकटवलेली काच काढून टाका. रात्री दिव्यांची हिरवट भुतं उमटतात ती बरेचदा तिच्यामुळे.

आणि फोन मोटरसायकलच्या हँडलवर थेट लावू नका. शक्तिशाली इंजिनाच्या कंपनांनी ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिघडू शकतं, असं अॅपलने २०२१ मध्ये आयफोनबाबत कळवलं होतं. तरंगत्या भिंगाची रचना इतर फोनांतही असते, आणि मोठ्या सेन्सरला भिंगही जड लागतं. माझा फोन प्रवासात खिशातच असतो.