कर्जविम्याचा क्लेम ‘आधीचा आजार’ म्हणून नाकारला? आधी फॉर्म मागवा

कर्जविमा म्हणजे कर्जदार वारला तर उरलेले कर्ज फेडणारा विमा. घरकर्ज घेणारा वारला आणि विमा कंपनीने ‘मधुमेह लपवला’ म्हणून क्लेम फेटाळला, तर लगेच हात टेकू नका. नकाराचे कारण लेखी घ्या. मग बँक आणि कंपनी, दोघांकडून विमा प्रमाणपत्र आणि तब्येतीची माहिती भरलेल्या फॉर्मची प्रत मागा. खरी गोम तिथेच असते. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म बऱ्याचदा एजंटच भरतो. सगळीकडे ‘नाही’वर खूण, शाई एक, सही दुसऱ्या पेनाची. आजाराचा प्रश्न विचारलाच नसेल, तर लपवले काय?

कंपनीचा पुरावा म्हणजे बहुधा दवाखान्याच्या केस पेपरवरची ‘शुगर, दहा वर्षे’ अशी एक ओळ. कॅज्युअल्टीत घाबरलेल्या नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेली. नेहमीच्या डॉक्टरांकडून निदानाची खरी तारीख लिहून घ्या.

आयुर्विमा असेल तर तारीख मोजा. विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार संरक्षण सुरू होऊन 3 वर्षे उलटली की कंपनीला ही हरकत घेता येत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार ऑनलाइन होते. फी नाही, वकील नाही. जिल्हा ग्राहक आयोग नागपुरातच आहे, मुदत 2 वर्षे. वाद सुरू असल्याचे बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण हप्ते आपोआप थांबत नाहीत.