ब्रँडची माहिती काढताय? सीमाभागात या चुका टाळा

खानापूरकडच्या एका बचत गटासाठी मी बाजाराची पाहणी केली, तेव्हा प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न चुकला होता. 'तुम्ही कोणत्या ब्रँडचा मसाला वापरता?' बेळगावातलं वडगाव, शहापूर, अनगोळ पालथं घालून आलो आणि हाती लागली ती गरम मसाला नि बिर्याणी मसाल्यांची नावं. गटाला विकायचा होता कांदा-लसूण मसाला. आमच्याकडं त्याला 'चटणी' म्हणतात, आणि ती उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतात. अनगोळच्या एक मावशी म्हणाल्या, "मसाला कुठला वापरतोय बाबा आम्ही? मटण असलं तरच. चटणी हाय की डब्यात." तो ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचा डबाच गटाचा मुख्य स्पर्धक होता, आणि माझ्या कागदावर त्याला रकानाच नव्हता. वस्तूला घरात काय म्हणतात ते आधी विचारा, प्रश्नावली नंतर छापा.

एकाच नावानं, एकाच राज्यात शोधणं

1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे. पण जुनी पाकिटं, जुने लेख आणि निम्मी माणसं अजून बेळगाव किंवा बेलगाम लिहितात. कुंदा असो की लोणचं, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिप्यांत, नव्या-जुन्या दोन्ही नावांनी शोधा. लोक काय शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर फक्त कर्नाटक निवडलंत तर चंदगड नि गडहिंग्लज गळतात. तिथली माणसं खरेदीला इकडं येतात, पण तालुके कोल्हापूर जिल्ह्यातले. शिवाय ट्रेंड्सवरचा 100 हा आकडा म्हणजे शंभर शोध नव्हेत. त्या काळातल्या सर्वांत वरच्या टोकाला 100 धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवलेलं असतं. अशा आलेखावरून कुणी 'मागणी दुप्पट झाली' असं सांगायला लागलं की मी चहा मागवतो.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घ्या. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी : महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे चार. फक्त महाराष्ट्रातले उत्पादक शोधणाऱ्याला अथणी आणि निपाणी दिसतच नाहीत.

दुकानदाराला 'जास्त काय खपतं?' विचारणं

ज्या कंपनीची स्कीम चालू आहे तिचंच नाव तो घेणार. रविवार पेठेतल्या एका दुकानात मामांनी समोरच्या फळीवरचं चकचकीत पाकीट दाखवलं. उलटून पॅकिंगची तारीख पाहिली तर आठ महिन्यांपूर्वीची. खाली, पायापाशी फोडलेल्या खोक्यात कन्नड अक्षरांचं साधं पाकीट होतं, मागच्याच महिन्यातलं, आणि खोकं अर्ध्याच्या खाली आलेलं.

"हे कोण नेतं मामा?"

"खेड्याकडची माणसं. ते व्हय, आठवड्याला दोन खोकी लागत्यात की."

तेव्हापासून मी तारखा बघतो. प्रश्न विचारायचाच तर असा विचारा : या आठवड्यात परत काय मागवलं? किमतीबरोबर वजनही लिहून घ्या. दहा रुपयांचं पाकीट दहाचंच राहतं, आतले ग्रॅम कमी होतात.

माहिती मिळत नाही म्हणून सोडून देणं

ते कन्नड पाकीट इंटरनेटवर कुठंच नव्हतं. कंपनी मंत्रालयाच्या नोंदीतही नाव आलं नाही. इथं बरेच जण 'ब्रँड बोगस दिसतोय' म्हणून मोकळे होतात. अहो, त्या नोंदीत कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या) असतात. एकट्या मालकाची फर्म किंवा साधी भागीदारी तिथं कशी सापडेल? आपल्याकडचे मसाले, पापड, करदंट बनवणारे बहुतेक याच जातीचे.

अशा वेळी पाकिटाची मागची बाजू वाचा. खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक असतो. पहिला अंक 1 म्हणजे परवाना, 2 म्हणजे छोट्या उत्पादकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, कर्नाटकाला 12 आणि महाराष्ट्राला 15. 00 असेल तर केंद्रीय परवाना. हा क्रमांक त्याच प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळतं. 'निर्माता' आणि 'विक्रेता' अशा दोन ओळी असतील तर क्रमांकही दोन असू शकतात. कुठला कुणाचा ते नीट जुळवा, नाहीतर नुसता शिक्का मारून विकणाऱ्यालाच कारखानदार समजाल.

दुकानदारानं खरेदीचं बिल दाखवलं तर जीएसटी क्रमांक मिळतो. सुरुवात 29 नं असेल तर कर्नाटक, 27 नं असेल तर महाराष्ट्र. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्यावरून धंद्याचं नाव आणि मालकाचं कायदेशीर नाव दोन्ही दिसतात. मात्र तो बहुधा वितरकाचा क्रमांक असतो, हे विसरू नका.

बारकोडच्या 890 वरून माल भारतातच बनला असं धरू नका; कंपनीनं कोड भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच त्यातून कळतं. नावापुढं टीएम असलं म्हणजे ट्रेडमार्क नोंदलेला आहे असंही नाही. नोंदणी झाल्यावर वर्तुळातलं आर लावता येतं. स्वतःच्या मालाला नाव ठेवण्याआधी ट्रेडमार्कच्या शोधात उच्चारसाम्याचा पर्याय वापरा. मसाल्यांचा ट्रेडमार्क वर्ग 30.

आणि एवढं सगळं करण्याआधी पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन लावून बघा. मी तो सगळ्यात शेवटी लावला. मागं चक्कीचा आवाज चालू होता, मालकानं स्वतःच उचलला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "किती खोकी पाठवू?"