संगीत नाटकासाठी आवाज कसा तयार करायचा? शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा

तालमी सुरू व्हायची वेळ आली की मला फोन यायला लागतात, ताई माझा आवाज नाटकात चालेल का ओ, आणि पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर एक रेकॉर्डिंग येतं. कुणी विशारद केलेलं असतं, कुणी कराओकेवर गाणारं असतं, कुणी भजनी मंडळातलं. मी सगळं ऐकते आणि एकच निरोप पाठवते, आता मला चार वाक्यं बोलून पाठवा. गाऊन नको, बोलून.

गेली बरीच वर्षं मी सोलापुरात हौशी नाटकांना पेटीची साथ करते आणि नव्या पोरापोरींकडून पदं, म्हणजे नाटकातली गाणी, बसवून घेते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. संगीत नाटकाचा खरा मोठा आवाज कुठला, तर ज्या आवाजात माणूस बोलतोय त्याच आवाजात तो गायला लागतो आणि बघणाऱ्याला जोड दिसत नाही. सौभद्र नाटकातली बोलणारी सुभद्रा एक आणि गाणारी सुभद्रा दुसरी असं झालं की संपलं. बाकी तीन सप्तकं, तानांची फिरत, गोडवा, हे सगळं हवंच, पण ते त्याच्या नंतर.

माझ्या डोळ्यासमोर झालेला एक प्रयोग सांगते. मुलगी इतकी सुरेल होती की तालमीत आम्ही सगळे गप्प व्हायचो. प्रयोगाच्या दिवशी प्रवेश छान रंगला, तिचा शेवटचा संवाद झाला, आणि ती थांबली, पेटीचा सूर येईपर्यंत थांबली, घसा खाकरला, उभं राहायची पद्धत बदलली, हात मांडीवर ताल धरायला गेला. पाच सेकंद असतील फार तर. पण तेवढ्यात प्रेक्षकांतली माणसं खुर्चीत मागं टेकली, मला पेटीवरून दिसलं ते. पद सुंदर झालं, टाळ्या पण पडल्या, पण प्रवेश परत उठला नाही. यात चूक माझीही होती, संवाद संपायच्या आतच मी हळूच सूर धरून ठेवायला पाहिजे होता. तेव्हापासून मी पद शिकवायच्या आधी त्याच्या मागचे चार संवाद शिकवते.

ते असं करायचं. मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावा, तुमची पट्टी, म्हणजे तुमचा सा ज्या उंचीवर लागतो ती, धरा, आणि संवाद नेहमीसारखा बोला, गाऊ नका, फक्त तानपुरा कानात असू द्या. दहाबारा वेळा बोललात की वाक्याचा शेवट आपोआप षड्जाच्या (सा) किंवा पंचमाच्या (प) जवळ येऊन टेकतो. समजा वाक्य आहे "अगं, थांब ना जरा". यातलं "थांब" वर जातं, "जरा" खाली येतं, रागात म्हटलं तर वेगळं, लाडात म्हटलं तर वेगळं. आता तेच वाक्य थोडं लांबवा, "जरा" मधला शेवटचा "आ" सुरावर धरा, आणि तिथूनच पदाची पहिली ओळ उचला, मध्ये श्वास घ्या पण थांबू नका. सुरुवातीला फार विचित्र वाटतं. पंधरा दिवसांनी जोड कुठंय ते तुम्हालाच सापडत नाही.

म्हणूनच पट्टी ठरवताना पण आधी बोलण्याची पट्टी बघायची. आपल्याकडे पट्टीचा अभिमान फार असतो, मी काळी पाचच्या (पेटीवरची पाचवी काळी पट्टी) खाली गात नाही असं मुली सांगतात, पण संवाद त्या खालून बोलतात आणि पद सुरू झालं की एकदम माडीवर चढल्यासारख्या होतात. माइक नव्हते तेव्हा पुरुष नटसुद्धा उंच पट्टीत गायचे कारण शेवटपर्यंत पोचायचं होतं, ती गरज होती, आज आपल्याला ती नाही. माझा हिशोब साधा आहे, पदातला सगळ्यात वरचा सूर घ्या, त्यावर जो शब्द आहे तो स्पष्ट म्हणता येतो का बघा. नुसता "आ" लागतो आणि शब्द तुटतो म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने खाली आणा. मग सगळ्यात खालचा सूर बघा, तो माइकशिवाय दहा फुटांवर ऐकू यायला हवा. या दोन्हीत बसते ती तुमची त्या पदाची पट्टी. पुढच्या पदाला वेगळी असेल तर असू द्या, पेटीवाल्याला सांगायचं, लाज वाटायचं कारण नाही.

आता आवाज लांब पोचण्याबद्दल, कारण इथं आपल्या सोलापूरकरांचं एक खास आहे. पूर्व भागातला एक पोरगा आमच्याकडे आला होता, घरातच माग, दिवसभर खटखट चालू, त्यात लहानाचा मोठा झालेला. आवाज काय सांगू, गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाला हाक मारली तर तो दचकेल. पण तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, गेला की मानेच्या शिरा टरारून वर यायच्या, हनुवटी पुढं, आणि सूर वर चढलेला. गोंगाटात बोलायची सवय असली की माणूस नकळत गळा आवळून बोलतो, त्याने आवाज मोठा होतो पण घट्ट होतो. मी त्याला म्हटलं, माग बंद असताना वरच्या मजल्यावरच्या आईला कशी हाक मारतोस तशी मार बघू. त्याने मारली, "आऽऽई", मोकळी, लांब, जराही जोर न लावता. मी लगेच पेटीवर तो सूर शोधला, तार षड्जाच्या वरचा ऋषभ, म्हणजे रे, होता! जो सूर त्याला गाताना जमत नव्हता त्याच्याही वर तो रोज हाक मारत होता. मग चार महिने आम्ही दुसरं काही केलं नाही, ती हाक पकडायची, तिच्यावर सरगम बसवायची, मग तिच्यावर शब्द बसवायचे. तुम्ही पण तुमची हाक शोधा, प्रत्येकाकडे असते.

लांब पोचणं म्हणजे मोठ्याने गाणं असं बहुतेकांना वाटतं, म्हणून हे नीट सांगते. साधारण ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज माणसाच्या कानाला सगळ्यात जास्त टोचतो, आणि त्या भागात आवाजाची ताकद गोळा झाली की तो वाद्यांच्या वर तरंगतो. आपले जुने लोक याला आवाजाची धार म्हणायचे, टोक म्हणायचे. ती येते घसा मोकळा, जीभ खाली सैल, टाळूचा मागचा मऊ भाग जांभई देताना उचलतो तसा उचललेला, आणि आवाज वरच्या दातांच्या मागे आदळतोय असं वाटलं की. गुणगुणून बघा, ओठ मिटून "म्", नाकाच्या हाडाला बोट लावलं की झिणझिण लागली पाहिजे. मग ती झिणझिण न सोडता "मा", "मी", "मो". रोज दहा मिनिटं, भांडी घासताना केलं तरी चालतं.

श्वासाचं फार लांबवत नाही. सोलापुरी चादर जमिनीवर टाका, उताणे झोपा, पोटावर जाड पुस्तक ठेवा, श्वास घेताना पुस्तक वर आणि खांदे जागच्या जागी. मग "स्स्स" करून हवा एकसारखी सोडा, वीस-पंचवीस सेकंद आरामात जायला हवीत. हे झोपून जमलं की उभं राहून, मग चालत, मग जिना चढून आल्या आल्या, कारण नाटकात तुम्ही मांडी घालून गात नाही. नऊवारी नेसून, दागिने घालून, डोळ्यात लाइट असताना, समोरच्याकडे वळता वळता तार सप्तकात जायचंय. म्हणून तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून कपडेपट नसला तरी कमरेला घट्ट ओढणी बांधून गायला लावते मी पोरींना.

शब्दांवर मात्र लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त तिथं सांडतं. मराठीत आपण "घर" लिहितो आणि "घर्" बोलतो, शेवटचा अ गिळतो. गाताना सूर लांबवायचा तर तो गिळलेला अ परत बाहेर येतो, "घऽरऽ" होतं. तो किती बाहेर काढायचा हे कळणं म्हणजे नाट्यपदाची अर्धी विद्या आहे. पूर्ण काढला तर बाळबोध प्रार्थना वाटते, अजिबात नाही काढला तर ओळ खाटकन तुटते. मी सांगते की लांबवायचं ते आधीच्या स्वरावर, "घऽऽऽ" वर, आणि "र" ला निघताना दार हलकेच लोटून घ्यावं तसा अ लावा. आपल्याकडे तेलुगु घरातली पोरं पुष्कळ, त्यांना स्वर धरणं उपजत येतं कारण त्यांच्या भाषेत बहुतेक शब्द स्वरावरच संपतात, पण भ, ध, घ, ख यातला ह उडतो, "भाव" चा "बाव" होतो, तो मात्र घासून घ्यावा लागतो. आणि मराठी घरातल्यांनी खूष व्हायचं कारण नाही, आपण दिवसभर "काय करूलालाय बे" बोलणार आणि संध्याकाळी एकदम किर्लोस्करांच्या जुन्या नाटकांची भाषा तोंडात घेणार, जीभ कशी वळेल. सोलापुरी बोली सोडू नका, माझी जीवाभावाची आहे ती, पण रोज दहा मिनिटं जुन्या नाटकातलं एक पान मोठ्याने वाचा.

काय शिकायचं आणि कुठल्या क्रमाने, याला मला इतिहासाचाच क्रम बरोबर वाटतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं, सौभद्र १८८२ चं. त्यात साकी, दिंडी असल्या कीर्तनातून ओळखीच्या चाली भरपूर, त्या बोलण्याला अगदी चिकटून चालतात, म्हणून नवशिक्याने तिथून सुरू करावं. १९११ ला मानापमान आलं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, त्यात ठुमरी-दादऱ्याचा नखरा आहे, तिथं आवाजात लोच लागतो. १९१६ च्या स्वयंवरला भास्करबुवा बखल्यांच्या चाली, पदांना थेट शास्त्रीय गायनातल्या ख्यालाच्या बंदिशींचा पाया, ते दोन-तीन वर्षं गाणं शिकल्याशिवाय धरू नका. आणि जितेंद्र अभिषेकीबुवांनी चाली दिलेली पदं, मत्स्यगंधा १९६४, कट्यार काळजात घुसली १९६७, ती ऐकायला सोपी वाटतात म्हणून सगळे आधी तीच उचलतात आणि फसतात. कट्यारमध्ये तर गाण्याच्या दोन ढंगांचीच लढाई आहे, खाँसाहेबांचं गाणं आक्रमक आणि पंडितजींचं शांत, म्हणजे आवाजाचा पोतच पात्र झालाय. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ऐकताना तान कुठं येते याकडे लक्ष द्या, त्या माणसाची जिद्द पेटते तिथं येते.

तानेचा माझा नियम तिथूनच आलाय. पात्राला बोलून सांगता येत नाही इतकं काहीतरी आत साठलं की तान. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर, एकाच काळातले गायक नट, दोघांचे रस्ते किती वेगळे, एकाचं गाणं शब्दाला कुरवाळत पुढं सरकणारं, दुसऱ्याचं विजेसारखं. पण दोघांचीही रेकॉर्डिंग ऐकताना शब्द हरवत नाही. तुमच्या तानेनंतर प्रेक्षकाला मूळ शब्द आठवत नसेल तर तान अर्धी करा.

घशाची काळजी आपल्या गावात वेगळी घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्या दिवसांत रियाज पहाटे साडेपाचला, दुपारी अजिबात नाही, आणि तहान लागायची वाट न बघता दिवसभर पाणी घोट घोट. शेंगाचटणी-कडक भाकरी मला जीव की प्राण, पण प्रयोगाच्या आदल्या रात्री उशिरा तिखट खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड लागतो, तेव्हा जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. आवाज बसला तर कुजबुजू नका, त्याने उलट ताण येतो, सरळ गप्प बसा. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर ज्येष्ठमध चघळत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा आवाज फुटत असेल तर वरच्या सुरांसाठी त्यांच्या मागं लागू नका, कृपा करून. मी एका चांगल्या गळ्याच्या पोराचं त्या वयात नुकसान झालेलं बघितलंय, घरच्यांना स्पर्धा चुकवायची नव्हती.

कॉलर माइक मिळाला तरी तालीम माइकशिवायच करा. माइक आवाज मोठा करतो, शब्द स्वच्छ करून देत नाही, उलट दाबलेला गळा तो जास्तच दाखवतो.

शेवटी आमची परीक्षा. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग असला की सकाळी सेट लागत असताना आम्ही अर्धा तास मागून घेतो. शेवटच्या रांगेत असा माणूस बसवायचा ज्याने पद आधी कधी ऐकलेलं नाही, बहुतेक वेळा सेटवाल्यांसोबत आलेला एखादा पोरगा असतो, त्याच्या हातात वही-पेन. नट संवादापासून सुरू करतो, माइक बंद, पेटी-तबला चालू. पोराने जे शब्द ऐकू आले ते लिहायचे. मग वही घेऊन आम्ही स्टेजवर गोल बसतो आणि वहीत जे आलं नाही त्या शब्दांवर लाल खूण करतो, संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत गायकाने तेवढेच शब्द बोलायचे, गायचे नाहीत.

गेल्या वेळेस एका पदात तीनच खुणा निघाल्या, तिन्ही "भ" वर. आमचा मागवाला पोरगा विंगेत उभा राहून तळहातावर फुंकर मारत "भ, भ, भ" करत होता, ह निघतोय का बघायला. संध्याकाळी तिन्ही शब्द पोचले.