हाड मोडलंय, तंबाखू सुटत नाहीये, आणि कोणीतरी ऑक्सिजनचं चेंबर सुचवलंय? आधी हे करा

पायाची नळी मोडली, आत रॉड टाकला, चार महिने झाले तरी एक्सरेत फट तशीच, मग कोणीतरी सांगतं की ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बस, हाड पटकन धरतं. जरा थांबा.

पहिलं काम, तंबाखूबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. सिगारेट नाही ओढत म्हणून आपण मोकळे होतो, आणि मिश्री तर आपल्याकडे कोणी व्यसनात धरतच नाही, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातंच (आजीला हे पटवून दाखवा!). निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि मोडलेल्या जागी नवं हाड बनायला तर भरपूर रक्त लागतं. विडी-सिगारेटच्या धुरात वरून कार्बन मोनॉक्साइड, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरून बसतो.

मग सोडा, आणि प्लास्टर निघायची वाट बघू नका. शेवटच्या सिगारेटनंतर 4-6 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर येतो, म्हणजे फायदा त्याच दिवशी सुरू. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी टोल-फ्री नंबरवर फोन करा. निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच घ्यायचा असेल तर सर्जनला विचारूनच, त्यातही निकोटिन आहेच, फक्त धूर नाही.

आता चेंबर. आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण 2 ते 2.5 पट दाबाखाली 100% ऑक्सिजन घ्यायचा, एकेक सिटिंग 60-90 मिनिटांचं. दाबामुळे ऑक्सिजन थेट रक्ताच्या पाण्यात विरघळतो, घरी नळी नाकाला लावून तेवढं होत नाही, त्यामुळे हाडासाठी म्हणून कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणू नका. निकोटिन दिलेल्या उंदरांवर प्रयोग झालेत आणि त्यात चेंबरचा फायदा दिसलाय, पण माणसांचं म्हणाल तर 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते) फ्रॅक्चरसाठी निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. चिरडलेली जखम, हाडातलं हट्टी इन्फेक्शन यांत डॉक्टर ते वापरतात, ती गोष्ट वेगळी. म्हणून कोणी ‘हाड नक्की जुळेल’ म्हणत पॅकेज विकत असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या ऑर्थोपेडिकला विचारा, कारण फट राहण्यामागे इन्फेक्शन, ढिला स्क्रू, शुगर, व्हिटॅमिन डी असं काहीही असू शकतं आणि ते आधी तपासायला हवं.

डॉक्टरांनीच पाठवलं तर छातीचे जुने आजार सांगा, फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर आत जाता येत नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी कळवा, कानाला दडे बसतात, दाब वाढताना आवंढा गिळत राहा. कपडे सुती, डोक्याला तेल नको, मोबाईल-लायटर बाहेर. आणि सिटिंग झाल्यावर खालच्या टपरीवर सिगारेट पेटवलीत तर कार्बन मोनॉक्साइड परत रक्तात, दीड तास आत बसल्याचे पैसे तेवढे गेले.